काळा पट्टा मळत नाही

शिवणबाईंच्या दाराचं हँडल निखळलं तेव्हा ते एकटं निखळलं नाही. त्याच्यासोबत चार स्क्रू, मूठभर भुसा आणि खुद्द शिवणबाई एवढी मंडळी एकाच क्षणी मागं आली. पण हँडल निखळण्याआधी इस्त्री जळाली होती आणि इस्त्री जळण्याआधी साखर वाढली होती, तेव्हा साखरेपासूनच सुरुवात केलेली बरी. क्रम चुकला की बाई रागावतात.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या बाई. वय सहासष्ट. वाकडा टाका दिसला की अजूनही त्यांच्या कपाळावर आठी उमटते, मग तो टाका बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या अनोळखी माणसाच्या कॉलरवर का असेना. (एकदा त्यांनी तो उसवून पुन्हा घातला होता. माणूस उतरायच्या आत.) घरात राहायला दोघंच, त्या आणि त्यांचं पायमशीन. ओतीव लोखंडाचा काळा सांगाडा, वर गुळगुळीत झालेलं लाकूड. सकाळी नऊला बाई मशीनवर बसत त्या जेवायलाच उठत, आणि जेवून बसत त्या दिवे लावायलाच उठत. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, आणि बऱ्याच जणांच्या पँटी कमरेत सैल करून देणं. "माणसं जाड होतात," बाई म्हणत, "पण कबूल करत नाहीत. कापड आटलं म्हणतात."

तर रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा होता आठ पूर्णांक दोन.

"दुसरी गोळी लगेच वाढवत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन महिने नेमानं व्यायाम करा, मग बघू."

"व्यायाम रोज होतो की! दिवसभर पाय चालतात माझे मशीनवर."

"पावलं हलतात हो. मांड्या, पाठ, दंड, सगळे झोपलेलेच असतात."

आपला कुठलाही अवयव कामाच्या वेळेत झोपतो, हा आरोप बाईंना नवीन होता. पण त्याहून मोठा धक्का शेजारच्या खुर्चीतून आला. तिथं त्यांची लेक बसली होती. लेक विमा कचेरीत अधिकारी आहे आणि दोन बसथांबे सोडून राहते. बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचायचा आणि जाड अक्षरातला नंतर, ही तिची सवय. ती म्हणाली, "तीन महिन्यांत साखर सातवर किंवा सातच्या आत आली नाही, तर मशीन माळ्यावर."

"माळ्यावर कशाला?"

"दिवसभर बसतेस म्हणून हे झालंय. मशीन नसेल तर उठशील."

"उठून करू काय?"

याचं उत्तर लेकीकडे नव्हतं, पण कागद होता. घरी गेल्या गेल्या तिनं अट लिहून काढली, स्वतः सही केली आणि आईची घेतली. बाईंनीही तावातावानं केली. नंतर त्या बराच वेळ मशीनच्या चाकावरून हात फिरवत बसल्या. शिवणबाईंच्या घरी शिवण नसेल तर मागं नुसत्या बाई उरतात, हे त्यांना त्या कागदावर दिसलं होतं. बारीक अक्षरात.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्याच्या माडीवर व्यायामवालीकडे गेल्या. व्यायामवाली म्हणजे घट्ट वेणी घातलेली, सतत उत्साहात असलेली मुलगी. तिनं एक लांबलचक पिवळा रबरी पट्टा बाईंच्या हातात दिला.

"वय वाढलं की स्नायू कमी होत जातात, आजी. आणि खाल्लेली साखर वापरतात कोण? तर मुख्यतः स्नायूच. ते घटले की साखर रक्तात नुसती फिरत बसते."

"म्हणजे गठ्ठाभर कापड आलंय आणि शिवायला माणूस नाही."

"अगदी तस्संच! तर हा पट्टा ओढून आपण माणसं वाढवायची. एक दिवसाआड. ओढताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. आणि पट्टा बांधायचा तो न हलणाऱ्या वस्तूला. न हलणाऱ्या, लक्षात ठेवा."

बाईंनी सगळं लक्षात ठेवलं. फक्त एक गोष्ट त्यांना पटली नाही, ती म्हणजे रंग. पिवळा! रोज हाताळायची वस्तू आणि पिवळी? आठ दिवसांत कळकट होईल. त्या तिथून थेट खेळाच्या सामानाच्या दुकानात गेल्या, पिवळा पट्टा काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "बदलून द्या. काळा द्या. काळा मळत नाही."

दुकानदार म्हणाला, "आजी, काळा जरा..."

"जरा महाग असेल, ठाऊक आहे. द्या."

दुकानदाराला म्हणायचं होतं की काळा जरा जास्तच कडक असतो. या पट्ट्यांमध्ये रंगावरून जोर ठरतो. त्या दुकानात पिवळा सगळ्यात नरम आणि काळा पैलवानांचा. पण एकतीस वर्षं वर्गात बोलून ज्यांचा आवाज घडलाय त्यांच्यापुढे दुकानदाराचं वाक्य कसं पुरं होणार?

घरी येऊन बाईंनी पट्टा ओढला. पट्टा हलला नाही. पुन्हा ओढला. बाई हलल्या, पट्टा नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हा माझ्या ताकदीबाहेरचा आहे. पण बाईंनी तो अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला, उजेडात धरला आणि निदान केलं: "कोरा आहे. पाण्यातून काढायला हवा." कोरं कापड शिवायच्या आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं, हे त्यांनी हजारभर मुलींना शिकवलेलं होतं. मुलींनी ऐकलं नाही की फ्रॉक आटत. तेव्हा पट्टा तासभर कोमट पाण्यात बुडाला, दोरीवर वाळला आणि मग त्याच्यावर इस्त्री फिरली.

एकदाच फिरली. दुसऱ्यांदा ती उचललीच गेली नाही.

जो वास सुटला त्यानं समोरच्या काकू धावत आल्या. काकू सत्तरीच्या आहेत आणि त्यांच्या नात्यात प्रत्येक आजाराचा एकेक माणूस आहे. "बाई, टायर जाळताय का घरात?" असं म्हणत त्या आत आल्या, इस्त्री बघितली, पट्टा बघितला, आणि सगळी कहाणी ऐकून खुर्चीत बसल्या. "माझी मावसजाऊ आठ दिवस उलटी चालली. साखर गेली."

"कुठं गेली?"

"ते नाही सांगितलं तिनं. तिचा पाय मोडला ना मग. पण साखर गेली."

बाईंनी नवा पट्टा आणला. काळाच. (तत्त्व म्हणजे तत्त्व.) आणि या वेळी तो दाराच्या हँडलला बांधला. दार बंद होतं, म्हणजे बाईंच्या हिशेबानं ते न हलणारं होतं. त्या खुर्चीत बसल्या, दोन्ही पाय दाराला टेकवले, श्वास सोडला आणि सर्व शक्तीनिशी मागं झाल्या. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात असं नववीच्या विज्ञानात दिलंय. त्यात दाराच्या हँडलचा उल्लेख नाही, ही त्या पुस्तकाची मोठी उणीव आहे. हँडल सुटलं, बाईंच्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या भिंतीवरच्या 'आदर्श शिक्षिका' या प्रमाणपत्राच्या काचेत शिरलं. बाई खुर्चीसकट आडव्या झाल्या. मागं अभ्र्यांचा ढीग होता म्हणून हाडं वाचली. मान मात्र दुखावला, कारण त्यातून उठता येईना आणि दाराबाहेर काकू विचारत होत्या, "बाई, उघडा ना! कसला आवाज झाला?" आणि आता दार उघडायला हँडल नव्हतं.

सुतार आला, त्यानं बाहेरून दार काढलं. आत येऊन त्यानं हँडलला बांधलेला पट्टा पाहिला, मग बाईंकडे पाहिलं.

"दार ओढायचंच असतं बाई," तो शांतपणे म्हणाला, "पण उघडायला."

त्याच्या मागोमाग खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरी जन्मभर सरकारी नोंदणी कचेरीत होते. निवृत्त झाल्यावर आता इमारतीतल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतात.

"वर काय पडलं?" त्यांनी वही उघडली.

"मी," बाई म्हणाल्या.

"किती वेळा?"

"एकदाच."

"ठोकाठोकीची वेळ दहा ते बारा आहे. तुम्ही सव्वानऊला पडलात."

दहानंतर पडण्याचं आश्वासन बाई देऊ शकल्या नाहीत. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले की असले प्रकार घरात नकोत, तळमजल्यावर सभागृह आहे, रीतसर अर्ज करा. एव्हाना काकूंनाही पट्टा ओढायची हौस आली होती. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सताई म्हणाल्या, मी पण येते, गुडघे सांभाळून. आणि तिसरी इच्छुक निघाली ती खुद्द सेक्रेटरींची बायको. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, एवढंच.

बाई अर्ज घेऊन बसल्या. 'प्रयोजन' या रकान्यात चार पर्याय होते: बैठक, समारंभ, शोकसभा, इतर.

"व्यायाम कशात बसतो?"

"इतरमध्ये," सेक्रेटरी म्हणाले. "इतरला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभा आठ महिन्यांनी."

"मला तीन महिनेच मिळालेत हो!"

हे वाक्य बाई साध्या मनानं बोलल्या. सेक्रेटरी मात्र दचकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दवाखान्याच्या चकरा, बाईंची ओढलेली मुद्रा, लेकीनं सह्या घेतलेला कागद (त्याचीही बातमी काकूंमार्फत पोचली होती) हे सगळं त्यांच्या डोक्यात जुळून आलं. आवाज एकदम मऊ करून ते म्हणाले, "असं करा बाई. शोकसभेवर खूण करा. तिला मंजुरी लागत नाही. माणूस काही आठ महिने आधी कळवून जात नाही."

"चालेल?"

"नियमात आहे. फक्त रकाने रिकामे ठेवू नका."

बाईंना खोटं लिहिता येत नाही. 'मयत व्यक्तीचे नाव' या रकान्यापुढे त्यांनी बराच विचार करून लिहिलं: अद्याप निश्चित नाही. 'अर्जदाराशी नाते' यापुढे लिहिलं: लागू नाही. कालावधी: तीन महिने. सेक्रेटरींनी ते वाचलं आणि फलकावर सूचना लावली: 'तिसऱ्या मजल्यावरील शिवणबाई यांच्यातर्फे शोकसभा. दर सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते आठ.'

सोमवारी सात वाजता सभागृहात चौघीजणी खुर्च्या मांडून बसल्या. व्यायामवालीनं पहिल्या दिवशी यायचं कबूल केलं होतं. तिनं बाईंच्या हातातला काळा पट्टा पाहिला आणि ती किंचाळलीच. "आजी! हा तर मी पण ओढत नाही!" तिनं पिशवीतून चौघींना चार पिवळे पट्टे काढून दिले. बाईंनी तो ओढला. पट्टा ताणला गेला! पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी त्यांच्या मनासारखं हललं होतं. बाईंना इतकं हलकं वाटलं की पिवळ्या रंगाला त्यांनी तात्पुरतं माफ केलं.

पट्टा तळपायाखालून घ्यायचा, मान खाली, कोपर मागं, हळू श्वास सोडायचा. चौघी मान खाली घालून उसासे सोडत होत्या, तेवढ्यात दार उघडलं आणि इमारतीतली माणसं एकेक करून आत आली. गंभीर चेहऱ्यानं मागच्या रांगेत बसली. पुढं बायकांचे उसासे ऐकून दोघांचे डोळे भरून आले. मग भाषणकाका उठले. त्यांना कुठल्याही सभेत उठावंच लागतं.

"शिवणबाई फार मोठ्या मनाच्या होत्या," त्यांनी सुरुवात केली.

बाईंनी वळून पाहिलं.

"त्यांच्या हातची काजं... अहो, काजं करावीत ती बाईंनीच! माझ्या कोटाला केलेलं काज अकरा वर्षं..."

"चौदा," बाई म्हणाल्या.

"चौदा वर्षं टिकलं," काका न अडखळता म्हणाले, आणि मग अडखळले. पण बसले नाहीत. "बाईंनी आज समोर बसून हे ऐकावं, यालाच धैर्य म्हणतात!"

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. बाईंचं काय झालं म्हणाल, तर त्यांना खरंतर जरा बरं वाटत होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या काजांबद्दल असं जाहीर कुणी बोललं नव्हतं. अजून दोन मिनिटं त्यांनी काकांना बोलू दिलं असतं. पण दार धाडकन उघडलं आणि लेक आत आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला, केस विस्कटलेले.

"आई!"

तिला कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की तुझ्या आईनं स्वतःचीच शोकसभा ठरवलीय, तीन महिन्यांसाठी, आगाऊ. आई खुर्चीत बसून पिवळा पट्टा ओढतेय असं बघितल्यावर ती आधी रडली आणि मग तिनं आवाज चढवला. तिच्याकडे दोन्हीची तयारी होती.

"बास! तीन महिने थांबायचंच नाही! मशीन आजच्या आज माळ्यावर!"

सेक्रेटरींनीही वही काढली. मयत व्यक्ती नसताना शोकसभा घेणे, परवानगी रद्द. तेवढ्यात त्यांना चौथ्या खुर्चीत आपली बायको दिसली.

"तू इथं काय करतेस?"

"शोक," ती म्हणाली आणि पट्टा ओढत राहिली. "बारा, तेरा..."

वर लेक तरातरा मशीनपाशी गेली. मागून बाई, काकू, नर्सताई आणि जाता जाता पकडून आणलेला सुतार. लेकीनं मशीनच्या सांगाड्याला दोन्ही हात घातले आणि उचललं. म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. मशीन जागचं हललं नाही. लेकीच्या कमरेत मात्र काहीतरी हललं. ती वाकली ती वाकलेलीच राहिली.

"ओतीव लोखंड आहे ताई," सुतार म्हणाला. "माळ्यावर चढवलं तर माळाच खाली येईल. हे हलत नाही."

हलत नाही! बाईंच्या हातात अजून पिवळा पट्टा होता. त्यांनी एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे. मग शांतपणे खाली बसून त्यांनी मशीनच्या पायाला पट्टा अडकवला, शिवणवर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती पक्की गाठ मारली, खुर्ची ओढून बसल्या आणि ओढलं. पट्टा ताणला. मशीन ढिम्म. श्वास सोडला, पट्टा सैल केला.

"एक," बाई म्हणाल्या.

वाकलेल्या अवस्थेत लेक ते बघत होती, कारण दुसरीकडे बघणं तिला शक्य नव्हतं.

उरलेले अडीच महिने काही विशेष घडलं नाही, आणि हेच विशेष होतं. एक दिवसाआड सकाळी बाईंच्या घरी मशीनभोवती चार खुर्च्या लागत. चारी पायांना चार पट्टे. आधी खुर्चीतून हात न टेकता दहादा उठायचं, मग ओढायचं. काकू ओढताना नात्यातल्या आजारांच्या बातम्या देत, त्यामुळे श्वास कोंडायचा प्रश्नच आला नाही. बाईंनी पट्ट्यांना पडद्याच्या कापडाच्या मुठी शिवल्या, दुहेरी टाक्यानं. दर तासाला मशीनवरून उठून त्या बाहेर व्हरांड्यात चक्कर मारू लागल्या. आणि लेक शनिवारी येऊ लागली. देखरेख करायला, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. अट म्हणजे अट.

महिनाभरात व्यायामवालीनं बाईंना पिवळ्यावरून बढती दिली. बाईंना वाटलं आता काळा. मिळाला हिरवा. बाईंनी तो चेहरा न बदलता घेतला. हिरवाही फारसा मळत नाही.

रिपोर्टच्या दिवशी लेक ऑफिसातून रजा काढून आली. डॉक्टरीणबाईंनी कागद उलगडला. "सात पूर्णांक एक! आठ पूर्णांक दोनवरून! अहो बाई, छानच की. दुसरी गोळी नको. चालू ठेवा तुमचं."

बाई हसल्या. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि हसू मावळलं. लेकीनं पर्समधून तो सह्यांचा कागद काढला होता.

"सातवर किंवा सातच्या आत," ती वाचत म्हणाली.

"एका दशांशानं..."

"कागदावर दशांशाची सूट नाही, आई."

बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर उसवलेली होती आणि बाईंनी सुई काढली नाही, यावरून काय ते समजा. घरी पोचल्या तर लेकीनं सुताराला आधीच बोलावून ठेवलेलं. मशीन माळ्यावर जात नसेल तर आपल्या घराखालच्या गॅरेजमध्ये नेऊ, असा तिचा बेत. सुतार दोन माणसं आणि दोरखंड घेऊन उभा. दारात काकू, नर्सताई, सेक्रेटरीणबाई. मागं सेक्रेटरी वही घेऊन, सामान हलवण्याची वेळ लिहायला.

बाईंनी कुणाला अडवलं नाही. सही त्यांचीच होती.

सुतार मशीनच्या पायाशी उकिडवा बसला आणि गाठी सोडायला लागला. मग थांबला. "ताई, आधी ज्याचा त्यानं पट्टा काढून घ्या. गाठी पक्क्या आहेत."

काकूंनी आपला पिवळा घेतला. नर्सताईंनी आपला. सेक्रेटरीणबाईंनी नवऱ्याकडे रोखून बघत आपला घेतला. बाईंनी खाली वाकून, हात न टेकता, हिरवा सोडला.

"आणि हा लाल कुणाचा?" सुतारानं विचारलं. "बाया चार, पट्टे पाच."

बाई छताकडे बघायला लागल्या. काकू तोंडावर पदर धरून उभ्या.

"तो माझा आहे," लेक म्हणाली. कमरेवर तिचा हात आपोआप गेला आणि तिनं तो झटकन काढला. "शनिवारी येते ना मी. डॉक्टर म्हणाले कमरेला चांगला... तो राहू दे."

"राहू दे म्हणजे? मशीन न्यायचंय ना?"

लेकीनं कागदाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "मग मी बांधू कशाला?" ती सुतारावरच खेकसली. "दाराच्या हँडलला?"

सुतारानं दोरखंड गुंडाळला. सेक्रेटरींनी वहीत लिहिलं: सामान हलवले नाही. बाई मशीनवर बसल्या आणि त्यांनी लेकीकडे हात पुढं केला.

"आण तो कागद इकडं."

"कशाला?"

"नववी ओळ वाकडी लिहिलीयस. कधीची खुपतेय मला."

लेकीनं कागद दिला. बाईंनी तो चार घड्या घालून मशीनच्या एका पायाखाली सारला. तो पाय थोडासा, अगदी एका दशांशाइतका, डगमगत होता.